घरच्या गाडीचं कीलेस लॉक : दुरुस्तीच्या नोंदी

३ जून

आमच्या गाडीचं लॉक कीलेस आहे, म्हणजे चावी अंगावर असली की नुसता हँडलला हात लावून दार उघडतं. या लॉकबद्दल घरातला प्रत्येक जण वेगळी तक्रार सांगतो आणि सगळ्यांच्या तक्रारी खऱ्या आहेत, म्हणून आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय. ड्रायव्हरच्या दाराचं हँडल धरलं की कधी उघडतं कधी नाही. मागच्या डाव्या दाराचा लॉक झाल्यासारखा आवाज येतो आणि लगेच चारही दारं परत अनलॉक होतात. पावसात गाडीजवळ उभं राहिलं की कोणी हात न लावता खट खट सुरू होतं. चावी गाडीतच असताना स्क्रीनवर 'चावी सापडत नाही' असा मेसेज येतो. आणि सासूबाई मागे बसलेल्या असताना मी उतरून थोडी लांब गेले की गाडी त्यांना आत ठेवून लॉक होते, ही मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट आहे.

सर्व्हिस सेंटरला दाखवून झालंय. त्यांनी स्कॅनर लावला, एरर कोड नाही, म्हणून सिस्टीम नॉर्मल आहे असं सांगून गाडी परत दिली. कोड नाही म्हणजे बिघाड नाही हे मला मान्य नाही. दार उघडलं नाही ही घटना घडलीये, ती घरातल्या सगळ्यांनी बघितलीये, फक्त गाडीने ती लिहून ठेवली नाही. मग मी लिहिते.

ग्लोव्ह बॉक्समधे वही ठेवलीये. दार कुठलं, हात कोणी लावला, चावी तेव्हा कुठे होती, पाऊस की कोरडं, चावीवरचा छोटा लाल दिवा लागला का, बीप आला का, एवढंच लिहायचं. कारण सापडेपर्यंत एकही पार्ट बदलायचा नाही.

५ जून

आधी सगळी साखळी नीट मांडून घेते, कारण घरात सगळ्यांना वाटतं की चावी सतत काहीतरी सिग्नल सोडत असते आणि गाडी तो पकडते. तसं नाहीये. कीलेसमधे सुरुवात गाडी करते. हँडलला हात लागला की आतला टच सेन्सर बॉडी कंट्रोल मॉड्यूलला म्हणजे बीसीएमला, दारं आणि लॉक सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, उठवतो. बीसीएम हँडलमधल्या अँटेनातून साधारण १२५ किलोहर्ट्झवर हाक मारतो. ही हाक मुद्दामच जेमतेम एक-दीड मीटर पोचेल अशी ठेवलेली असते. चावी झोपेतून उठते, हाक किती जोरात ऐकू आली ते मोजते आणि ४३३.९२ मेगाहर्ट्झवर (काही देशांत ३१५) उत्तर देते. त्या उत्तरात गाडीने पाठवलेल्या आकड्यावर गुप्त कोडने केलेलं गणित असतं. ते जुळलं की मग कुठे दारातल्या छोट्या मोटरला करंट जातो आणि लॉक फिरतं. हे सगळं हँडल ओढायच्या आत उरकायचं असतं.

म्हणजे हात, सेन्सर, बीसीएम, अँटेना, चावीचा सेल, चावीचा कान, चावीचा आवाज, गाडीचा रिसीव्हर, मोटर, लॅचमधले म्हणजे दार धरून ठेवणाऱ्या कडीतले स्विच. यातलं काहीही अडलं तरी बाहेर उभ्या माणसाला एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे काहीच होत नाही. साध्या कुलपात किल्ली आत जात नाही की अर्धी फिरते की फिरून सुद्धा दांडा सरकत नाही हे हाताला कळायचं आणि त्यावरून पुढे काय करायचं ते ठरायचं. इथे हाताला काही कळत नाही. माझी मूळ तक्रार हीच आहे. बिघाड कशातही होऊ शकतो, पण कारण आतल्या कॉम्प्युटरला माहीत असताना ते बाहेर सांगायची सोयच ठेवलेली नाही.

८ जून

सेलपासून सुरुवात. आमच्या चावीत सीआर२०३२ आहे, म्हणजे व्यास २० मिमी आणि जाडी ३.२ मिमी. सीआर२०२५ पण दिसायला तसाच पण २.५ मिमी जाड असतो, तो घातला तर बसतो पण स्प्रिंगला नीट टेकत नाही आणि चावी अधूनमधून मरते, तेव्हा नंबर वाचूनच घ्यावा.

जुना सेल मल्टीमीटरवर २.९७ व्होल्ट दाखवत होता. नुसतं एवढं बघून सेल चांगला आहे असं कोणीही म्हणेल, पण हे मोजमाप फसवं आहे कारण मीटर सेलमधून जवळजवळ करंट घेतच नाही. ४७० ओमचा रेझिस्टर लावून बघितलं तर थेट २.४ वर आला. सेल जुना झाला की त्याचा आतला रोध वाढतो, आणि चावी उत्तर देते त्या क्षणी तिला काही मिलीअँप लागतात, नेमकं तेव्हाच व्होल्टेज खाली बसतं. नवीन सेल ३.२ वरून लोडवर ३.० ला थांबला.

नवीन सेलवर कडू लेप होता, मुलांनी तोंडात घातला तर थुंकावा म्हणून लावतात तो. काही चाव्यांमधे कॉन्टॅक्टची पट्टी बरोबर त्या लेपावर टेकते आणि कनेक्शन होत नाही. म्हणून लेप नसलेला सेल घ्या असा सल्ला सगळीकडे मिळतो, पण धाकटा अजून सगळं तोंडात घालायच्या वयाचा आहे, मी तो सल्ला घेणार नाही. बटण सेल घशात अडकला तर २ तासांत आतून गंभीर भाजू शकतं. पट्टी जिथे टेकते तेवढीच जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, कनेक्शन आलं. जुना सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून उंचावर ठेवलाय.

लांबून बटण दाबल्यावरची रेंज लगेच सुधारली. ड्रायव्हरच्या हँडलची तक्रार मात्र वहीत तशीच चालू आहे.

११ जून

आज कागदावर वरून दिसणारी गाडी काढली आणि चावी वेगवेगळ्या जागी धरून कुठून दार उघडतं ते खुणा करत गेले. लेकीने पट्टी धरली, तिला मजा वाटली.

हँडलपासून साधारण हातभर अंतरापर्यंत खात्रीने चालतं, त्याच्या पुढे अचानक संपतं, हळूहळू कमी होत जात नाही. याला कारण आहे. १२५ किलोहर्ट्झची ही हाक म्हणजे लांब जाणारी रेडिओ लहर नसून कॉइलच्या आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र असतं आणि ते अंतराच्या घनाच्या प्रमाणात पडतं, अंतर दुप्पट झालं की जोर आठव्या हिश्शावर. त्यामुळे चावी दाराकडच्या खांद्यावरच्या पर्समधे आहे की पलीकडच्या खांद्यावर, एवढ्या फरकाने निकाल बदलतो. नवऱ्याच्या वहीतल्या नोंदी कमी आणि माझ्या जास्त का आहेत ते इथे कळलं, त्याची चावी पँटच्या खिशात असते म्हणजे हँडलच्या उंचीच्या जवळ, आणि माझ्या बहुतेक कपड्यांना खिसाच नसतो. कंपनीने ही चाचणी खिसेवाल्या माणसांवरच केली असावी असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

पर्समधे चावी फोनला चिकटून असली की रेंज आणखी कमी होते. फोनचं धातू, त्यातली चुंबकं आणि कॉइल सगळं त्या क्षेत्राची दिशा बिघडवतं. आणि 'चावी सापडत नाही' हा मेसेज कधी येतो तेही आज पकडलं. गिअरपुढच्या वायरलेस चार्जिंग पॅडवर फोन चार्ज होत असेल आणि चावी शेजारच्या खाचेत टाकली असेल, तेव्हा. ही पॅडं साधारण १०० ते २०५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात आणि चावीचा कान १२५ वर लावलेला आहे, शेजारी एवढा मोठा आवाज चालू असताना तिला गाडीची हाक ऐकू येणार कशी. त्याच गाडीत त्याच कंपनीने पॅड दिलं आणि त्याच्या बाजूला चावी ठेवायला बरोबर मापाची खाच पण दिली. हे डिझाइन करणाऱ्यांनी एकमेकांशी बोलायला हवं होतं.

आतल्या बाजूचे कच्चे कोपरे पण सापडले. डॅशबोर्डवर अगदी काचेजवळ, ग्लोव्ह बॉक्सच्या तळाशी, आणि डिकीत धातूच्या डब्यामागे. तिथे चावी आत आहे की बाहेर याचा गाडीला अंदाज येत नाही. चावी आत राहून गाडी लॉक होऊ नये अशी सोय आहे खरी, पण ती याच मोजमापावर अवलंबून आहे, त्यामुळे घरात सांगून टाकलं की डिकीत सामान ठेवताना चावी अंगावरून काढायची नाही.

१५ जून

सकाळपासून पाऊस, म्हणून हँडलचा दिवस.

आमच्या हँडलला दोन सेन्सर आहेत. आतल्या बाजूला बोटं लागली की अनलॉक, वरच्या खळग्याला बोट लागलं की लॉक. दोन्ही कपॅसिटिव्ह, म्हणजे हाताची जवळीक विद्युत क्षेत्रातल्या बदलावरून ओळखणारे. पाण्याचं पण तसंच होतं, हँडलवरून ओघळ वाहायला लागला की सेन्सरला तो हातासारखा दिसू शकतो. चावी लांब असेल तर काही होत नाही कारण उत्तर येत नाही, पण चावीवालं माणूस दाराजवळ छत्री मिटत उभं असलं की लॉक अनलॉक लॉक अनलॉक चालू. गाडी धुताना पण हेच, म्हणून धुताना चावी २ मीटरच्या पलीकडे ठेवा असं बऱ्याच मॅन्युअलमधे लिहिलेलं असतं. ते वाक्य मॅन्युअलमधे इतक्या आत आहे की शोधल्याशिवाय दिसत नाही.

उलटं पण होतं. हँडल पूर्ण ओलं असलं की सेन्सर त्या ओलेपणालाच नेहमीची स्थिती समजून बसतो आणि मग खरा हात लागल्यावर फरक जाणवत नाही. कोरड्या फडक्याने एकदा पुसलं की बहुतेक वेळा चालतं. पण भर पावसात एका हातात मूल आणि एका हातात पिशवी असताना फडकं कोणत्या हाताने काढायचं.

वहीतून अजून एक निघालं. नवरा हँडल धरताना अंगठा वर ठेवतो, बरोबर लॉकच्या खळग्यावर. म्हणजे बोटं सांगतात उघड आणि अंगठा सांगतो बंद कर, आणि गाडी दोन्ही सोडून देते. त्याला अंगठा खाली ठेवायला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, सगळी दारं मी आयुष्यभर अशीच उघडली आहेत." त्याचं बरोबरच आहे. दाराचं हँडल मूठ भरून धरायची वस्तू आहे, तिच्यावर नको तिथे स्पर्शाची बटणं लावली तर चूक धरणाऱ्याची नाही.

लेकीचं वेगळं. मी अनलॉक करत असतानाच ती मागचं हँडल ओढून धरते. ओढलेल्या हँडलमुळे त्या एका दाराची यंत्रणा अडते, बाकी तीन उघडतात आणि तिचं बंद राहतं, मग ती अजून जोरात ओढते. हँडल सोड, आवाज येऊ दे, मग ओढ, असं शिकवलंय. पहिल्या दिवसापासून तिने ते लक्षात ठेवलंय.

२२ जून

मागचं डावं दार. स्वस्तातला ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती फोनवर दाखवणारी छोटी डबी) लावून फोनवर बीसीएमचा लाइव्ह डेटा उघडून बसले. दार बंद, हालचाल नाही, तरी मधेच त्या दाराची स्थिती 'उघडं' अशी झळकते आणि परत 'बंद' होते. म्हणजे लॉक केल्यावर गाडीला क्षणभर वाटतं की एक दार उघडं आहे आणि ती सगळी दारं परत अनलॉक करते. गाडी तिच्या परीने बरोबर वागतेय, तिला खबर चुकीची मिळतेय. हेच 'मागचं डावं दार उघडं दिसतंय' असं तिने बाहेर कुठेतरी दाखवलं असतं तर मी पहिल्याच दिवशी इथे पोचले असते.

डोअर पॅड म्हणजे दाराचं आतलं कव्हर काढायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि थोडा वेळ थांबले, दारांमधे साइड एअरबॅगचे सेन्सर असू शकतात, त्याच्याशी खेळ नको. पॅड निघाल्यावर लॅचचा कनेक्टर सुटा केला. उघडं दार आहे की बंद हे सांगणारा छोटा मायक्रोस्विच लॅचच्या आतच असतो. दार उघडं असताना स्क्रूड्रायव्हरने लॅच बंद स्थितीत ढकलला, मीटर लावला, स्विच एकदम स्वच्छ. (हे करणाऱ्यांनी दार लावायच्या आधी हँडल ओढून लॅच परत मोकळा केलाच पाहिजे, नाहीतर बंद लॅच स्ट्रायकरवर (चौकटीवरच्या ज्या लोखंडी कडीत तो अडकतो तिच्यावर) आदळून वाकतो.)

मग वायर. दार आणि बॉडीच्या मधे जी घड्यांची रबरी नळी असते तिच्यातून सगळ्या वायरी जातात आणि दार उघडताना मिटताना दर वेळी तिथेच वाकतात. मीटर कंटिन्युइटीवर (वायर सलग असली की बीप देतो त्या सेटिंगवर) ठेवून नळी हलवली तर बीप तुटायला लागला. रबर मागे सरकवल्यावर दिसलं की एका वायरचं इन्सुलेशन अख्खं आहे पण आतलं तांबं तुटलंय, टोकं एकमेकांना कधी टेकतात कधी नाही. शाळेच्या गडबडीत सगळ्यात जास्त उघडमीट याच दाराची होते, म्हणून हेच आधी गेलं.

तुटलेल्या जागी सोल्डर करून भागवायचं नाही. सोल्डर लागलेली तार कडक होते आणि वाकायच्या जागेच्या काठावर परत तुटते. म्हणून सिलिकॉन इन्सुलेशनची मऊ वायर नळीतून पूर्ण ओढली आणि दोन्ही जोड वाकण्याच्या भागाच्या बाहेर, एक दाराच्या आत आणि एक पिलरच्या आत, क्रिम्प करून (धातूच्या नळीत दाबून) वर हीटश्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, लावली. बाकीच्या वायरी पण हलवून तपासल्या, ठीक आहेत. लाइव्ह डेटा आता स्थिर. सर्व्हिसवाल्यांनी या तक्रारीवर अख्खा लॅच बदलायला सांगितला होता.

२८ जून

ड्रायव्हरचं हँडल. आता अंदाज लढवायचा नाही, बघायचं. यूएसबीचा छोटा रेडिओ रिसीव्हर लॅपटॉपला लावून ४३३.९२ उघडं ठेवलं आणि तांब्याच्या तारेची एक कॉइल गुंडाळून ऑसिलोस्कोपला (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राला) जोडून हँडलशेजारी चिकटवली. म्हणजे गाडीची हाक आणि चावीचं उत्तर दोन्ही दिसणार.

पुढच्या डाव्या-उजव्या दोन्ही हँडलची तुलना केली. पलीकडच्या हँडलला हात लावला की कॉइलवर झटका, लगेच लॅपटॉपवर उत्तराची रेघ, दार उघडं. ड्रायव्हरकडे चाललं तेव्हा तसंच, आणि अडलं तेव्हा कॉइलवर काहीच नाही. हाकच गेली नाही. म्हणजे चावी, सेल, पर्स, रिसीव्हर या सगळ्यांची सुटका, बिघाड हात आणि बीसीएमच्या मधे. हे चित्र बघून मला खूप बरं वाटलं, इतके आठवडे सगळे चावीलाच दोष देत होते.

दाराच्या कडेवरचं रबरी बूच काढून आतला टॉर्क्स स्क्रू ढिला केला, हँडलच्या मागच्या टोकाची टोपी आली, मग हँडल. आतला कनेक्टर हिरवा. सील एका बाजूला दबलेलं होतं आणि पाणी तिथून आत जात होतं. पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केल्या, सील नीट बसवलं, पाणी अडवणारं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावलं. आता ओलं असताना पण हाक जातेय.

त्याच टोपीखाली खरं किल्लीचं भोक असतं, बाहेरून दिसत नाही. चावीच्या पोटातली लोखंडी पाती काढून घालून बघितली तर फिरेना. एवढे दिवस आम्ही ज्याच्या भरवशावर होतो ते भोक गंजत चाललेलं होतं. ग्राफाइट टाकून हळूहळू मोकळं केलं. हे लिहिताना माझा आवाज चढतोय खरं, पण प्रत्येक कीलेस गाडीवाल्याने वर्षातून एकदा तरी हे भोक फिरवून बघावं. १२ व्होल्टची बॅटरी उतरली तर गाडीत शिरायचा तोच रस्ता आहे, बॉनेट उघडायची खटकी पण आतच असते.

संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना बाहेर बोलावून सराव घेतला. चावीतून पाती कशी काढायची, टोपीला खाली जी फट आहे तिच्यात पाती घालून टोपी कशी उचकटायची, दार उघडल्यावर अलार्म वाजला तर घाबरायचं नाही, चावी स्टार्ट बटणाला टेकवून ब्रेक दाबून बटण दाबायचं. सेल पूर्ण मेला तरी गाडी सुरू होते, कारण चावीतली इमोबिलायझरची (ओळख पटल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणाऱ्या यंत्रणेची) चिप बटणाशेजारच्या कॉइलमधूनच वीज घेते. सासूबाईंनी पण स्वतः पाती काढून दार उघडलं. "एवढं सोपं होतं तर आधीच कोणी का नाही सांगितलं गं?" असं त्या म्हणाल्या. गाडी देताना त्या माणसाने आम्हाला टचस्क्रीनचे रंग कसे बदलायचे ते दाखवलं होतं.

५ जुलै

बॅटरी. गाडी चार दिवस उभी राहिली की सकाळी स्टार्टर जड वाटतो, त्याचा लॉकशी संबंध असेल असं वाटत होतं, आज मोजलं. बॉनेट उघडं ठेवून त्याचा लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद केला, लॉक केली, निगेटिव्ह केबलवर मिलीअँप मोजणारा क्लॅम्प मीटर लावला आणि थांबले. लॉक केल्या केल्या गाडी झोपत नाही, एकेक मॉड्यूल बंद होत जातं, त्याला वेळ द्यावा लागतो. शेवटी २५ मिलीअँपवर स्थिरावली. छान आकडा.

मग चावी घेऊन जवळ उभी राहिले. थोड्या थोड्या वेळाने करंट उसळून पाव अँपिअरच्या आसपास जायला लागला. आमच्या गाडीत जवळ आल्यावर आरसे उघडून दिवे लागायची सोय आहे, त्यासाठी ती चावीला शोधत राहते आणि चावी सापडली की जागी होते. दुसरी चावी घरात भिंतीच्या आतल्या खुंटीवर लटकते आणि भिंतीच्या पलीकडे गाडीचं नाक. रात्रभर दोघी एकमेकींना जागं ठेवत होत्या. ४५ अँपिअर-अवरची बॅटरी २५ मिलीअँपने कागदावर ७५ दिवस जाते, पाव अँपिअरने साडेसात दिवस, आणि स्टार्टर त्याच्या खूप आधी रडायला लागतो. चावीचा सेल एवढ्या लवकर का उतरला तेही यातच आलं.

खुंटी घराच्या दुसऱ्या टोकाला हलवली. काही कंपन्या मॅन्युअलमधे लिहितात की गाडी ५ दिवस उभी राहिली तर दार उघडायला जरा वेळ लागेल आणि १४ दिवस राहिली तर फक्त ड्रायव्हरचं दार प्रतिसाद देईल, बॅटरी वाचवायला. हे मला पटतं. पण सुट्टीवरून परत आलेल्या माणसाला हे मॅन्युअलमधून नाही, दाराजवळ कळायला हवं.

१२ जुलै

सासूबाईंच्या लॉकचा विषय आज संपवला. चावी घेऊन लांब गेलं की आपोआप लॉक होण्याची सेटिंग बंद केली. मला ती सोय आवडायची, तरी बंद. मागच्या दारांना चाइल्ड लॉक लावलेलं असतं, त्यामुळे आतलं हँडल ओढून मागे बसलेल्या माणसाला बाहेर येता येत नाही, आणि काही गाड्यांत बाहेरून डबल लॉक झालं की पुढचीही आतून उघडत नाहीत. उन्हात उभ्या गाडीचं आतलं तापमान १० मिनिटांत सुमारे १० अंशांनी वाढू शकतं. सीटखाली वजनाचा सेन्सर आहे, सीटबेल्टचा स्विच आहे, आत माणूस बसलंय हे गाडीला कळण्याचे इतके रस्ते असताना लॉक करायच्या आधी ते न विचारणं मला माफ करता येत नाही. चाइल्ड लॉक आता फक्त धाकट्याच्या बाजूला. सासूबाई दुसऱ्या बाजूला बसतात, हँडल ओढून उतरायचा सराव झालाय.

याच बसणीत चोरीचा भाग पण बघितला. स्वित्झर्लंडमधल्या ईटीएच झुरिकच्या संशोधकांनी २०११ साली ८ कंपन्यांच्या १० गाड्यांवर दाखवून दिलं होतं की गाडीची हाक दोन यंत्रांनी लांबवर पोचवली की घरातली चावी इमानदारीने उत्तर देते आणि दार उघडतं. कोड फोडावा लागत नाही. गाडी गृहीत धरते की उत्तर आलं म्हणजे चावी जवळ आहे, आणि तेच गृहीतक चुकीचं आहे. नंतर काही चाव्यांत हालचालीचा सेन्सर आला, चावी स्थिर पडून राहिली की ती ऐकणंच बंद करते. नवीन गाड्यांत अल्ट्रा-वाइडबँड येतंय, २०२१ मधे आलेल्या डिजिटल की ३.० या स्टँडर्डमधे ते आहे, त्यात सिग्नलचा जोर न बघता त्याला जायला-यायला लागलेला वेळ मोजतात. एका नॅनोसेकंदात रेडिओ लहर ३० सेंटीमीटर जाते, मधे कोणी सिग्नल लांबवला तर वेळ वाढणारच, तो लपवता येत नाही. हे काम मला मनापासून आवडलं, मुळावरच उपाय आहे.

आमच्या चावीत यातलं काही नाही. म्हणून रात्री चाव्या पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. सगळे डबे चालत नाहीत, झाकण सैल असेल तर सिग्नल निसटतो. डबा हातात घेऊन गाडीजवळ जाऊन हँडल ओढून बघायचं, उघडलं तर डबा बदलायचा. डबा सिग्नल अडवतो म्हणजे सेल पण वाचतो.

१९ जुलै

गाडीच्या कंपनीला सविस्तर पत्र पाठवलं, वहीची पानं आणि ऑसिलोस्कोपचे फोटो जोडून. चार्जिंग पॅडशेजारची खाच, मागच्या दाराच्या नळीतली वायर, हँडलचं सील, तिन्ही लिहिलं. पण मुख्य मागणी वेगळी आहे आणि ती सॉफ्टवेअरमधे होण्यासारखी आहे.

बीसीएमला माहीत असतं की हात लागला पण चावीचं उत्तर आलं नाही. उत्तर आलं पण चावी गाडीच्या आत आहे असं दिसलं, हेही माहीत असतं. एक दार उघडं दिसल्यामुळे लॉक रद्द केलं हे तर त्यानेच ठरवलेलं असतं. आणि चावीचा सेल कमी झाल्याचं गाडी सुरू झाल्यावर स्क्रीनवर दिसतंच, म्हणजे ती माहिती पण आहे. आरशात इंडिकेटर आहे, हँडलखाली दिवा आहे, बझर आहे. नकार देताना या तिघांपैकी एकाने वेगवेगळ्या पद्धतीने कारण सांगावं. आणि शेवटचे काही नकार तारीख-वेळेसकट मेमरीत ठेवावेत म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या माणसाला पण स्कॅनरवर काहीतरी दिसेल. त्या माणसावर माझा राग नाही, त्याच्यासमोर कोरी स्क्रीन होती.

पोच आली, उत्तर नाही.

२ ऑगस्ट

महिनाभर मोठा पाऊस झाला आणि ड्रायव्हरचं हँडल एकदाही अडल्याची नोंद वहीत नाही. मागचं डावं दार पण शांत. पावसातली खट खट आहे अजून, ती सेन्सरच्या जातीमुळेच आहे, हँडलपासून एक पाऊल मागे उभं राहून छत्री मिटली की होत नाही. नवऱ्याचा अंगठा अजून वर जातो, मी बोलणं सोडून दिलंय, दुसऱ्यांदा ओढल्यावर उघडतं.

डिकीच्या बटणावरचं रबर चिकट व्हायला लागलंय, दाबल्यावर आतच अडकून राहतं. उन्हाने रबर विरघळत चाललंय आणि एकदा फाटलं की पाणी थेट स्विचवर. नवीन बटण मागवलंय. डिकीच्या झाकणाच्या वायरीची रबरी नळी पण त्याच वेळी उघडून बघणार, ती पण रोज वाकते. वही ग्लोव्ह बॉक्समधेच राहू दे असं लेकीने सांगितलंय, आता नोंदी ती करते.